कंकणद्वीपांचे राष्ट्र : तुवालू

राज्याची व्याख्या करावयाची झाली म्हणजे भूमीला मानाचे स्थान देण्याचा शास्त्रकारांचा प्रघात आहे. आणि सह्याद्रीच्या काळ्या कातळावर ज्यांचे किल्ले, ज्यांची गावठाणे व ज्यांच्या जमिनींचे उतारे निर्वेध टिकून राहिले आहेत, त्या आपल्यासारख्या डोंगरी मुलखाच्या माणसांना या प्रघातात शंका घेण्याजोगे काही दिसतही नाही. परंतु विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेस व आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या थोडे अलीकडे, जेथे नकाशावर निळ्या रंगावाचून दुसरे काही छापण्याची गरज मुद्रकाला सहसा वाटत नाही, तेथे तुवालू नावाचे एक सार्वभौम राष्ट्र आहे. त्याची नऊ बेटे मिळून भूमी भरते ती अवघी २६ चौरस किलोमीटर. तिच्यावरील वस्ती अकरा हजारांच्या आसपास. आणि तिचे सर्वोच्च स्थान समुद्रसपाटीपासून पाच मीटरांच्याही आत. वृत्तपत्रांतून या राष्ट्राचा उल्लेख येतो तो ‘बुडते राष्ट्र’ या एकाच विशेषणासह. त्या विशेषणात असत्य नाही, पण अपुरेपणा पुष्कळ आहे. कारण ही भूमी मुळात वर आली कशी, आणि तिच्यावर माणसांनी राज्य उभे केले कसे, हे समजून घेतल्याखेरीज तिच्यावरील संकटाचे स्वरूपही नीट उमगत नाही.

तुवालूला जाण्याचा रिवाजाचा मार्ग फिजीवरून जातो. फिजीची राजधानी सुवा येथून उत्तरेकडे हजार किलोमीटरांहून अधिक अंतर पंख्याच्या छोट्या विमानाने ओलांडावे लागते, आणि ही विमानेही आठवड्यातून मोजक्याच वारी सुटतात. प्रवासाच्या अखेरीस खिडकीतून प्रथम दिसते ते फुनाफुटी या कंकणद्वीपाचे खारकच्छ : सुमारे २७५ चौरस किलोमीटरांचा हिरवट-निळा जलाशय आणि त्याच्या कडेने ओवल्यासारखी बारीक बेटे. त्यांपैकी फोंगाफाले या बेटावर राजधानीची वस्ती आहे. हे बेट लांबीला बारा किलोमीटरांच्या आसपास असले तरी रुंदीला जेथे सर्वाधिक आहे तेथेही काहीशे मीटरांच्या पलीकडे जात नाही, आणि काही ठिकाणी तर रस्त्याच्या एका अंगाला महासागर व दुसऱ्या अंगाला खारकच्छ, एवढाच काय तो मुलूख उरतो.

या बेटाच्या सर्वांत रुंद भागात धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजा १९४२ च्या ऑक्टोबरात येथे उतरल्या आणि १९४३ मध्ये त्यांच्या बांधकाम पलटणींनी, गिल्बर्ट बेटांतील जपानी ठाण्यांवर चाल करून जाण्यासाठी, ही पट्टी तयार केली. त्यासाठी माडांच्या बागा तोडण्यात आल्या, कंदांची जुनी खाचरे बुजविण्यात आली, आणि भरावाकरिता बेटाच्याच अंगातून प्रवाळाची खडी खोदून काढण्यात आली. युद्ध संपून फौजा परतल्या. मात्र ते खड्डे सुमारे सत्तर वर्षे मचूळ पाणी व केरकचरा पोटात घेऊन तसेच राहिले, आणि २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या साहाय्याने खारकच्छातील वाळू उपसून ते एकदाचे भरून काढण्यात आले. धावपट्टीचा दुसरा उपयोग मात्र लोकांनी आपल्या सोयीने शोधून काढला आहे. एवढी मोठी मोकळी व सपाट जागा राष्ट्रात दुसरी नसल्यामुळे सायंकाळी तिच्यावर व्हॉलीबॉल, फुटबॉल आणि केवड्याच्या जातीच्या पानांनी विणलेल्या दोन चेंडूंचा ‘ते आनो’ हा देशी खेळ रंगतो, आणि उकाड्याच्या रात्री लोक चटया टाकून तेथेच निजतात. विमान येण्याच्या वेळी भोंगा वाजतो, पट्टी रिकामी होते, आणि विमान गेले की पुन्हा भरते.

प्रवाशाने येथे येताना ऑस्ट्रेलियन डॉलरांची रोकड जवळ बाळगावी, कारण चलन तेच आहे. रविवार हा प्रार्थनेचा दिवस असल्याने त्या दिवशी कामकाजाची अपेक्षा करू नये. आणि पोहण्याचा पोशाख वस्तीत मिरवू नये. बाहेरच्या बेटांवर जाण्याची इच्छा असेल तर वेळेचा हिशेब सोडून द्यावा. तेथे विमानतळ नाहीत. सरकारी जहाज निघेल तेव्हा निघावे लागते, आणि बहुतेक बेटांपाशी ते जहाज प्रवाळभित्तीच्या बाहेरच थांबत असल्यामुळे माणसे व माल छोट्या होड्यांतून, लाट साधून, आत न्यावा लागतो.

आता या भूमीच्या उत्पत्तीकडे वळू. प्रवाळ हे सजीव आपल्या शरीराभोवती चुन्याचे कवच बांधतात, आणि त्यांच्या पोटी राहणाऱ्या शैवलांना सूर्यप्रकाशाची गरज असल्यामुळे प्रवाळभित्ती उथळ पाण्यातच वाढते. मग अथांग महासागराच्या मध्यभागी, जेथे तळ हजारो मीटर खोल आहे, तेथे प्रवाळाची ही कंकणे आली कोठून? चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर दिले होते. त्याच्या मते, आरंभी तेथे ज्वालामुखीचे बेट असते व त्याच्या किनाऱ्याला लगटून प्रवाळ वाढतो. पुढे ते बेट युगायुगांच्या गतीने खाली खचत जाते, आणि प्रवाळ मात्र प्रकाशाच्या ओढीने तितक्याच नेटाने वर वाढत राहतो. अखेरीस पर्वत दिसेनासा होतो आणि त्याच्या भोवतीचे कडे तेवढे उरते. हे खरे असेल तर उथळ पाण्यातील प्रवाळाचे थर भित्तीत फार खोलवर सापडले पाहिजेत, हे डार्विन जाणून होता. आणि कोणी धनिकाने पॅसिफिक किंवा हिंदी महासागरातील एखाद्या कंकणद्वीपात पाचसहाशे फूट खोल छिद्र पाडून पाहावे, अशी इच्छा त्याने आपल्या अखेरच्या काळात एका पत्रातून व्यक्त केली होती.

ती इच्छा पूर्ण करण्याचा पहिला मोठा उद्योग फुनाफुटीवरच झाला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६, १८९७ आणि १८९८ अशी लागोपाठ तीन वर्षे येथे वेधन-पथके धाडली. पहिल्या वर्षी प्रा. सोलास यांची यंत्रे सैल वाळूत व फुटक्या प्रवाळात अडकून निकामी झाली. दुसऱ्या वर्षी सिडनीचे भूवैज्ञानिक एजवर्थ डेव्हिड यांनी हट्टाने काम पुढे रेटले. आणि तिसऱ्या वर्षी छिद्र १११४ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ३४० मीटरांपर्यंत पोचले. इतक्या खोलीवरही प्रवाळजन्य चुनखडक संपला नाही. ज्वालामुखीचा कातळ न लागल्यामुळे वाद मात्र मिटला नाही. तो मिटावयास १९५२ साल उजाडावे लागले, जेव्हा मार्शल बेटांतील एनेवेटाक येथे सुमारे १४०० मीटर खोल गेलेल्या वेधनाला अखेर काळा बेसाल्ट लागला आणि डार्विनचा तर्क सिद्धान्ताच्या पदवीला पोचला. फोंगाफालेवरील त्या जुन्या छिद्राची जागा आजही दाखविली जाते. पाहण्यासारखे तेथे फारसे काही नाही. परंतु विज्ञानाच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण त्या बोटभर जागेवर घडलेले आहे.

भित्तीवर वसलेली बेटे ही या कथेची दुसरी पायरी होय. वादळांनी फोडलेले प्रवाळ, शिंपल्यांचा चुरा आणि फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचे लाटांनी भित्तीवर आणून रचली, त्यांचीच ही बेटे झाली. फुनाफुटीच्या वाळूत तर त्या सूक्ष्म कवचांचा वाटा फार मोठा आहे. म्हणजे येथील जमीन हा एकदा होऊन गेलेला प्रकार नाही. ती अद्यापही घडते आहे, आणि तिचा पुरवठा करणारे सजीव जिवंत राहिले तरच ती घडत राहणार आहे. १९७२ च्या ऑक्टोबरातील बेबे या चक्रीवादळाने फुनाफुटीवरील घरे उद्ध्वस्त केली, माणसे मारली. आणि त्याच वादळाने समुद्रतळातील प्रवाळाचे ढीग उचलून किनाऱ्यालगत कित्येक किलोमीटर लांबीचा नवा बांधही टाकला. जो समुद्र ही बेटे खातो तोच त्यांना घडवितो.

अशा भूमीवर नदी नसते, ओढा नसतो, झराही नसतो. पावसाचे पाणी सच्छिद्र वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे, दुधावर साय धरावी तसे, त्याच्यावर पातळ थर धरून राहते. या गोड्या पाण्यापर्यंत खड्डा खणून, त्यात पानांचे खत घालून, तुवालूचे लोक ‘पुलाका’ हा अळूच्या कुळातील कंद लावीत आले. हे खड्डे पिढ्यान्‌पिढ्या राखलेले असतात; त्यांत कोणती पाने कोणत्या क्रमाने घालावयाची याची विद्या घराण्याबाहेर सहसा जात नाही; आणि मोठ्या कंदाचा मान समारंभात मोठा असतो. जोडीला माड, नीरफणस आणि केवड्याच्या जातीची झाडे आहेत. माडाच्या पोयीला छेद देऊन तिचा रस काढण्याची कला तर कोकणातील भंडाऱ्याला पाहताक्षणी ओळखू येईल, फक्त तो रस येथे आटवून गोड पाकाच्या रूपातही पुष्कळ वापरला जातो. फोंगाफालेवरील भूजल आता पिण्याच्या उपयोगाचे राहिलेले नाही, त्यामुळे राजधानीची सारी भिस्त छपरावरच्या पावसावर व घरोघरच्या टाक्यांवर आहे. वर्षाकाठी सुमारे ३५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या गावात २०११ साली तो काही महिने रुसला, तेव्हा आणीबाणी पुकारून पाण्याचे मापटे ठरवून द्यावे लागले आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडकडून खारे पाणी गोड करणारी यंत्रे मागवावी लागली.

जेथे जमीन एवढी थोडी, तेथे तिच्या वहिवाटीचे नियम काटेकोर असावे लागतात. बहुतेक जमीन कुटुंबसमूहांच्या सामाईक मालकीची आहे, आणि कोकणातील सामाईक खात्यांप्रमाणेच तिच्यावरून कज्जेदलालीही होते. प्रत्येक बेटाची वडीलधाऱ्यांची सभा असते, व १९९७ च्या कायद्याने या सभांना स्थानिक कारभाराचे अधिकार रीतसर बहाल केले आहेत. सभा भरते ती ‘मानेआपा’ या भिंती नसलेल्या विशाल मंडपात. तेथेच पाहुण्यांच्या गळ्यात फुलांच्या माळा पडतात. तेथेच ‘फातेले’ हे नृत्य होते, ज्यात दोन बाजू आळीपाळीने, लाकडी पेटीवर तळव्यांनी धरलेल्या ठेक्यासह, गाण्याची लय चढवीत नेऊन एकमेकींवर सरशी करू पाहतात. राष्ट्राची संसद सोळा सदस्यांची आहे. राजकीय पक्ष नाहीत. आणि ब्रिटनचा राजा हाच नामधारी राष्ट्रप्रमुख आहे.

बाहेरच्या जगाशी या बेटांचा संबंध आला तो सुखदुःखाच्या विचित्र मिश्रणाने. १८६१ साली कुक बेटांतील एलेकाना नावाचा ख्रिस्ती सेवक होडीतून भरकटत आठ आठवड्यांनी नुकुलाएलाए बेटाला लागला आणि त्याच्याबरोबर नवा धर्म आला. आणि दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, पेरू देशाची मजूर पकडणारी जहाजे त्याच बेटावरून सुमारे अडीचशे व फुनाफुटीवरून सुमारे पावणेदोनशे माणसे फसवून घेऊन गेली, ती जवळजवळ कोणीच परत आली नाहीत. १८९२ मध्ये ब्रिटिशांनी हा मुलूख संरक्षणाखाली घेतला आणि एलिस बेटे या नावाने उत्तरेच्या गिल्बर्ट बेटांशी त्याची मोट बांधली. दोहोंची भाषा वेगळी, वंश वेगळा. १९७४ साली मत घेतले गेले तेव्हा विभक्त झाल्यास बनाबा बेटाच्या फॉस्फेटच्या उत्पन्नात काहीही हिस्सा मिळणार नाही व मालमत्तेपैकी एक जहाज तेवढे वाट्याला येईल, अशी अट होती. तरीही ३७९९ मते विभक्त होण्याच्या बाजूने पडली व विरुद्ध अवघी २९३. अशा वाटणीपत्रावर १ ऑक्टोबर १९७८ रोजी तुवालू स्वतंत्र झाला.

रिकाम्या तिजोरीने सुरू झालेल्या या संसाराने पुढे उत्पन्नाच्या ज्या बाबी निर्माण केल्या, त्या मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून पाहण्यासारख्या आहेत. भूमी २६ चौरस किलोमीटर असली तरी आंतरराष्ट्रीय कायद्याने तिच्या भोवतीचे सात लक्ष चौरस किलोमीटरांहून अधिक सागरक्षेत्र तुवालूच्या हक्कात येते. या पाण्यात ट्यूना मासा विपुल आहे, पण तो पकडणारी मोठी जहाजे परक्यांची आहेत. तेव्हा शेजारच्या राष्ट्रांशी संगनमत करून, परकी जहाजांना दिवसागणिक परवाने विकण्याची पद्धत बसविण्यात आली, आणि आज सरकारी महसुलाची मुख्य भिस्त त्यांवर आहे. १९८७ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आदी देशांच्या देणगीतून राष्ट्रीय ठेव-निधी स्थापन झाला, त्याचे मुद्दल न मोडता केवळ वाढावा खर्चावा असा दंडक आहे. इंटरनेटवरील पत्त्यांसाठी देशोदेशी अक्षरे वाटली गेली तेव्हा तुवालूच्या वाट्याला ‘टीव्ही’ ही दोन अक्षरे आली, आणि दूरचित्रवाणीच्या धंद्यातील कंपन्यांना ती हवीशी असल्यामुळे त्यांचा मक्ताच देण्यात आला. त्या उत्पन्नाच्या बळावर सन २००० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे १८९ वे सदस्यत्व परवडू शकले. टपालाची देखणी तिकिटे संग्राहकांना विकणे आणि व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्या खलाशांनी घरी धाडलेले वेतन, या त्याही आधीच्या बाबी.

आता समुद्राच्या चढत्या पातळीचा विचार करता येईल. फुनाफुटीवरील मोजमापांनुसार गेल्या तीस वर्षांत समुद्र सुमारे पंधरा सेंटिमीटर वर आला आहे, आणि २०५० पर्यंत राष्ट्राच्या बऱ्याचशा भूमीची उंची आजच्या भरतीच्या पातळीखाली जाईल असे नासाच्या अभ्यासकांचे अनुमान आहे. दुसरीकडे, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १९७१ ते २०१४ या काळातील हवाई चित्रे तपासून तुवालूच्या नऊ मुख्य बेटांत मोडणाऱ्या १०१ लहानमोठ्या बेटांचे एकंदर क्षेत्रफळ घटण्याऐवजी २.९ टक्क्यांनी वाढले आहे असे आढळले. ही दोन विधाने परस्परविरोधी भासतात, पण बेटांची घडण ध्यानात घेतली म्हणजे तो विरोध मावळतो. लाटा वाळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतात, काठ पुढेमागे सरकतो, क्षेत्रफळ टिकते, प्रसंगी वाढतेही. मात्र क्षेत्रफळ टिकणे आणि राहण्यास योग्य असणे या भिन्न गोष्टी आहेत. उधाणाच्या दिवसांत पाणी किनारा ओलांडूनच येते असे नाही. ते सच्छिद्र जमिनीतून, गावाच्या मध्यभागी, बुडबुडत वर येते. खारे पाणी खालच्या गोड्या थरात शिरले की पुलाकाची मुळे कुजतात. थोडक्यात, बेट बुडण्याच्या कितीतरी आधी विहीर आणि खाचर निकामी होते, आणि माणसाचे ठाणे उठते ते त्यामुळे.

या संकटावर तुवालूने त्रिविध तजवीज केली आहे. पहिली अभियांत्रिकीची : आंतरराष्ट्रीय हवामान-निधीच्या साहाय्याने खारकच्छातील वाळू उपसून फोंगाफालेला लागून सात हेक्टरांहून अधिक उंच भूमी नव्याने घडविण्यात आली आहे. दुसरी स्थलांतराची, आणि तिला पूर्वपीठिका आहे. वाईतुपू बेटाच्या रहिवाशांनी, वस्ती दाटू लागेल या धास्तीने, युद्धकाळातील कमाईतून फिजीतील किओआ हे बेट विकत घेतले आणि १९४७ पासून तेथे वसाहत केली. ती आजही नांदती आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाशी झालेल्या तहान्वये आता दरसाल २८० तुवालूवासीयांना त्या देशात कायम राहण्याची वाट खुली झाली, आणि तिच्या पहिल्याच सोडतीसाठी राष्ट्राच्या निम्म्याहून अधिक लोकांची नावे नोंदली गेली. मोबदल्यात, अन्य राष्ट्रांशी संरक्षणविषयक करार करताना ऑस्ट्रेलियाची संमती घेण्याचे बंधन तुवालूने पत्करले आहे. आणि ते सार्वभौमत्वाला कमीपणा आणणारे आहे की नाही, यावर तेथे मतभेद आहेत. तिसरी तजवीज कायद्याची. भूमीचे काहीही झाले तरी राज्य व त्याच्या सागरी सीमा अबाधित राहतील असे कलम २०२३ मध्ये राज्यघटनेतच घालण्यात आले. वर उल्लेखिलेल्या तहात ऑस्ट्रेलियाने ते तत्त्व मान्य केले. आणि राज्य एकदा स्थापन झाल्यावर त्याचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून राज्यत्व जातेच असे नाही, असे मत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी दिले.

या तिसऱ्या तजविजीचे मोल फार मोठे आहे, कारण सागरी हक्क ही तुवालूची खरी दौलत आहे आणि आजवरच्या कायद्यात ते हक्क किनाऱ्यापासून मोजले जात आले आहेत. आपल्या लक्षद्वीपची बेटेही याच जातीची, प्रवाळाची व सखल आहेत. परंतु तेथील रहिवाशाला निघावे लागले तर तो कोचीला उतरतो तेव्हा त्याचे नागरिकत्व, मतदानाचा हक्क आणि न्यायालय यांत तिळमात्र फरक पडत नाही. तुवालूच्या रहिवाशापाठीमागे अशी मुख्यभूमी नाही. तो निघाला की परदेशी होतो. यास्तव जगातील धूर व उष्मा वाढविण्यात ज्याचा वाटा नाममात्र, अशा या राष्ट्राने घटना, तहनामे आणि न्यायालयीन मते यांची जी कागदोपत्री तटबंदी उभारली आहे, तिच्याकडे भाबडेपणा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. किरिबाटी, मार्शल बेटे, मालदीव या देशांना पुढेमागे हाच दावा मांडावा लागणार आहे, आणि त्या वेळी आधारासाठी जे पहिले दफ्तर उघडले जाईल ते फुनाफुटीचे असेल. बुडण्याआधी एकदा पाहून घ्यावे, अशा कुतूहलाने तेथे जाणाऱ्या प्रवाशाच्या हाती खारकच्छाच्या चार छायाचित्रांवाचून काही लागणार नाही. संसाधनांवाचून राज्य कसे चालवावे याचा धडा घेण्यासाठी जो जाईल, त्याला मात्र मोठमोठ्या राजधान्यांत न मिळणारे शिक्षण त्या अरुंद बेटावर मिळेल.